लोकसंस्कृती म्हणजे कोणाच्या घरातली भांडी?

चीनमध्ये जात नव्हती, म्हणून चीन पुढे गेला. चीनने आपला वारसा जपला, आपण घालवला. आमच्या चळवळीतल्या तरुणांच्या तोंडी ही दोन वाक्ये हल्ली सारखी ऐकू येतात. शान्सी प्रांताचा दौरा करून आल्यावर आम्ही टाकलेल्या फोटोंखालीही हेच लिहून आले. पहिले वाक्य अर्धसत्य आहे. दुसऱ्या वाक्यातला 'आपला' हा शब्द नेमका कोणाचा, हे विचारल्याशिवाय ते खरे की खोटे हेसुद्धा ठरवता येत नाही. हा लेख त्या 'आपला'साठी आहे.

आम्ही गेलो होतो ते लेण्या आणि विहार पाहायला. दातोंगजवळच्या युनकांग लेण्या, वुताई पर्वत, आणि परतीच्या वाटेवर पिंगयाओ हे जुने तटबंदीचे गाव. सोबत नऊजण होते, त्यातले बहुतेक वस्तीत काम करणारे. पिंगयाओ कार्यक्रमात नंतर घातले गेले. पण चर्चा करण्यासारखे सगळ्यात जास्त तिथेच मिळाले.

पिंगयाओचा तट मिंग काळातला. १३७० मध्ये जुन्या मातीच्या भिंतीच्या जागी तो बांधला गेला. लांबी सहा किलोमीटरच्या आसपास. त्यावर ७२ बुरूज आणि ३,००० जंग्या आहेत. हे आकडे कन्फ्युशिअसच्या ७२ थोर शिष्यांचे आणि ३,००० विद्यार्थ्यांचे म्हणून सांगितले जातात. गावाच्या भिंतीतच गुरुपरंपरा चिणून टाकली आहे! १९९७ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा ठरवले. ते जपले कसे गेले, ही गोष्ट पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत असलेले हे गाव विसाव्या शतकात इतके कंगाल झाले की जुनी घरे पाडून नवी बांधायला कोणाजवळ पैसाच नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्ते रुंद करायची योजना आली, पाडापाडीही सुरू झाली. तेव्हा शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यीसान आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धावाधाव करून नवे गाव तटाबाहेर वसवण्याचा आराखडा दिला, आणि जुने वाचले. म्हणजे 'वारसा जपणारी चिनी संस्कृती' वगैरे काही नाही. आधी गरिबीने जपले, मग एका प्राध्यापकाच्या चिकाटीने. आणि तटाची भिंतही काही अमर नाही. २००४ मध्ये तिचा एक भाग ढासळला, २०२१ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीने आणखी एक ढासळला.

आज आत काय आहे? दगडी फरशीचे रस्ते, लाल कंदील, काळ्या व्हिनेगरची दुकाने, पिंगयाओचे प्रसिद्ध गोमांस पाकिटात बंद केलेले, जुन्या अंगणांत हॉटेले. (त्या गोमांसाच्या दुकानासमोर आमच्यातल्या एकाने फोटो काढला आणि तो महाराष्ट्रात टाकावा की नाही यावर दहा मिनिटे चर्चा झाली. चीनमध्ये उभे राहूनही आपल्या देशातली भीती आपल्यासोबत असते.) पुष्कळ रहिवासी तटाबाहेरच्या नव्या इमारतींत गेले आहेत, कचेऱ्याही बाहेर गेल्या आहेत. आतल्या अंगणात राहणारा माणूस आता बहुतेक वेळा यजमान तरी असतो नाही तर नोकर. ही काही फक्त चीनची गोष्ट नाही. जिथे जिथे 'वारसा' येतो तिथे भाडे वाढते आणि ज्याच्याकडे सातबारा नाही तो आधी जातो.

गावाची खरी कमाई कळते ती रिशेंगचांग या पेढीत. १८२३ मध्ये एका रंगाच्या व्यापारातून उभी राहिलेली ही चीनमधली पहिली हुंडीची पेढी मानली जाते. चांदी बैलगाडीत घालून शेकडो मैल न्यायची, वाटेत लुटारू. त्याऐवजी इथे चांदी जमा करा, कागद घ्या, दूरच्या शहरात तो दाखवून चांदी उचला. तारखा आणि रकमा सांकेतिक अक्षरांत लिहीत. आपल्याकडे मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या हुंड्या होत्या, तसाच प्रकार. संग्रहालयात हिशेबनीसाची खोली आहे, तळघर आहे, मालकांची नावे आहेत. त्या गाड्यांबरोबर चालणारे, उंट हाकणारे, पेढीच्या भट्टीत कोळसा घालणारे कोण, ते नाही. इथवर आम्ही फार रागावलो नव्हतो. पेढीच्या संग्रहालयात पेढीच असणार.

राग आला तो दुसऱ्या दिवशी, छ्याओ कुटुंबाच्या वाड्यात. पिंगयाओच्या शेजारच्या छी परगण्यातला हा वाडा. बांधकाम १७५६ मध्ये सुरू झाले, पुढे पिढ्यानपिढ्या वाढत गेले: सहा मोठे चौक, वीस लहान चौक, ३१३ खोल्या, भोवती किल्ल्यासारखी उंच भिंत. मूळपुरुष छ्याओ ग्वीफा हा अनाथ, गरीब माणूस. उत्तरेला मंगोलियाच्या सीमेवर बाओतौला जाऊन त्याने चारा आणि टोफू विकून सुरुवात केली. पुढच्या पिढ्या सावकार आणि पेढीवाल्या झाल्या. बरे, माणूस गरिबीतून वर आला, त्याचा आम्हाला आनंदच. पण या वाड्यावर पाटी काय आहे? छी परगणा लोकसंस्कृती संग्रहालय. १९८६ पासून.

३१३ खोल्यांच्या सावकाराच्या वाड्यात 'लोक' कुठून आले?

दालने पाहत गेलो. शेतीची अवजारे. सणवार. कपडे, दागिने. जन्म, लग्न, मरण. नवरीची पालखी. सगळे नीट लावलेले, सगळे स्वच्छ. मोबाइल पाटीसमोर धरून भाषांतर वाचत होतो. नांगर कोण धरत होता ते नाही, स्वतःच्या शेतात की सावकाराच्या ते नाही. पालखी कोणाच्या खांद्यावर होती ते नाही. माणसे काढून घेतली आणि वस्तू ठेवल्या की जे उरते त्याला लोकसंस्कृती म्हणतात, असा आमचा अनुभव झाला.

या वाड्याची आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. छ्याओ घराण्याचे कुळाचार प्रसिद्ध आहेत: रखेल ठेवायची नाही, अफू ओढायची नाही, जुगार खेळायचा नाही, नोकरांना छळायचे नाही. आणि हा वाडा जगाला माहीत झाला तो झांग यीमौ यांच्या १९९१ च्या 'रेझ द रेड लँटर्न' या चित्रपटामुळे. त्याची कथाच मुळी एका श्रीमंताच्या घरात चौथी बायको म्हणून आणलेल्या मुलीची, आणि चार बायकांना एकमेकींविरुद्ध लढवणाऱ्या घराची. चित्रपटातले लाल कंदील आज पर्यटकांसाठी चौकाचौकात टांगलेले आहेत. नियमावली एका भिंतीवर, कंदील डोक्यावर. खरे काय होते हे वाडा सांगत नाही, तो दोन्ही विकतो. २०१९ मध्ये चीन सरकारनेच अतिव्यापारीकरणाच्या कारणावरून या स्थळाचा सर्वोच्च 'पाच ए' दर्जा काढून घेतला होता. म्हणजे तिथल्या सरकारलाही हे दुकान जरा जास्त झाले असे वाटले. पण सरकारचा आक्षेप दुकानांना होता, 'लोक' या शब्दाला नव्हता. आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे.

आणखी एक. १८७६ ते १८७९ च्या दुष्काळात उत्तर चीनमध्ये अंदाजे ९० लाख ते १ कोटी ३० लाख माणसे मेली, आणि सगळ्यात भयंकर मार शान्सीला बसला. हा काळ या प्रांतातल्या पेढ्यांच्या भरभराटीचाच होता. पाऊस न पडण्याचे तेच संकट त्याच वर्षांत आपल्या दख्खनवर आले होते. तेव्हा जोतिराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला, सावित्रीमाई दुष्काळी गावांत फिरत होत्या. मुद्दा असा की एखाद्या प्रांताची 'लोकसंस्कृती' दाखवताना प्रांतातली लाखो माणसे भुकेने मेली ही गोष्ट भांड्यांच्या दालनात बसत नाही, कारण ती भांडी रिकामी होती.

आता मूळ मुद्द्यावर. लग्नाच्या दालनात वाजंत्री आहेत. सुओना म्हणजे आपल्या सनईची चुलत बहीण, ढोल, झांजा. शान्सीत लग्न असो, मयत असो की देवळाची जत्रा, वाजंत्री लागतेच. पण वाजवणारा कोण? शान्सी हा त्या प्रांतांपैकी एक आहे, जिथे वाजवणारा जन्माने नीच होता.

होय, जन्माने. चिनी कायद्यात माणसांचे दोन भाग होते. 'ल्यांग' म्हणजे चांगले, कुलीन नव्हे पण स्वच्छ. आणि 'ज्यान' म्हणजे हीन. हीनांत वेगवेगळे गट होते. शान्सीतला मोठा गट 'युएहू', शब्दशः वाजंत्र्यांची घरे. युएहू हा प्रकार सहाव्या शतकातल्या कायद्यातही सापडतो: दरोडेखोरांच्या बायकामुलांना युएहू करून टाकायचे. मिंग काळात १४०२ मध्ये योंगले बादशहाने पुतण्याची गादी बळकावली, आणि त्याला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना शान्सी आणि शेजारच्या शेन्सी प्रांतात युएहू करून धाडले असे परंपरा सांगते. गुन्हा बापाचा, शिक्षा नातवाच्या नातवाला. स्वच्छ घरांशी लग्न नाही. सरकारी परीक्षेला बसता येत नाही. मिंग काळात असल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पुरुषांनी डोक्याला हिरवे फडके बांधावे असा नियम होता, लांबून ओळखू यावे म्हणून. चीनमध्ये आजही पुरुषाला 'हिरवी टोपी घातली' म्हणणे ही शिवी आहे. बायको बाहेर जाते, असा तिचा अर्थ. कायदा मेला, शिवी जिवंत आहे.

आता पिंगयाओच्या कन्फ्युशिअस मंदिराकडे परत या. तिथे सरकारी परीक्षेचे संग्रहालय आहे. चीनची परीक्षा म्हणजे जगातली पहिली गुणवत्तेची व्यवस्था, गरीब शेतकऱ्याचा मुलगाही मंत्री होऊ शकत होता, असे आपणही पुस्तकांत वाचतो. आरक्षणविरोधी मंडळी तर हे उदाहरण फार प्रेमाने देतात. त्यांना सांगा: त्या परीक्षेला बसताना उमेदवाराला मागच्या तीन पिढ्यांची नावे लिहून द्यावी लागत होती, आणि जामीनदार आणावा लागत होता. वाजंत्र्याचा, नटाचा, वेश्येचा, कचेरीतल्या शिपायाचा मुलगा दारातच बाद होत होता. स्त्री तर गणतीतच नाही. मेरिटच्या दारावर वंशावळ तपासणारा उभा होता.

कचेरीतला शिपाई, हे पुन्हा वाचा. पिंगयाओतली जुनी परगणा कचेरी आज पर्यटनस्थळ आहे. तिथे जुन्या न्यायदानाचे नाटक करून दाखवतात. न्यायाधीश वर बसतो, शिपाई बांबू आपटतात, आरोपी गुडघ्यावर. लोक हसतात, व्हिडिओ काढतात. आम्हीही काढला. तो बांबू आपटणारा शिपाई कायद्याने स्वतः हीन होता, त्याची मुले परीक्षेला अपात्र होती, हे कोणी सांगत नाही. सत्तेची काठी हीनाच्या हातात द्यायची, मारल्याचा राग त्याच्यावर जाऊ द्यायचा, आणि खुर्ची स्वच्छ ठेवायची. गावगाड्यात पाटलाच्या निरोपाला कोण धावत होते, सारा वसुलीच्या वेळी शेतकऱ्याला चावडीवर बोलवायला कोणाला पाठवत होते, ते आठवा.

१७२३ मध्ये योंगझेंग बादशहाने शान्सी-शेन्सीच्या युएहूंचा हीन दर्जा रद्द केला. आपल्या संविधानाच्या १७ व्या कलमाच्या सव्वादोनशे वर्षे आधी! कोणी म्हणेल, बघा, बादशहा किती पुरोगामी. पण १७७१ मध्ये छ्यानलोंगच्या राज्यात नियम आला की हीन धंदा सोडल्याची नोंद केल्यानंतर चौथ्या पिढीलाच परीक्षेला बसता येईल, तेही नातेवाईक स्वच्छ धंद्यात असतील तरच. म्हणजे तुम्ही मुक्त आहात, पण तुमचा पणतू. आणि गावाने तर तेही मानले नाही. शान्सीत युएहूंची लग्ने पुढेही आपापसातच होत राहिली, वाजवायला तेच बोलावले जात राहिले. कायद्याने हीनत्व काढले, धंद्याने ते राखले.

म्हणून 'चीनमध्ये जात नव्हती' हे अर्धसत्य. दुसरे अर्धे काय? हीनत्व तिथे राजाच्या हुकमाने आले आणि राजाच्या हुकमाने जाऊ शकले. कोणत्या धर्मग्रंथाने ते ब्रह्मदेवाच्या पायातून काढले नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त जे सांगितले ते इथे प्रत्यक्ष दिसते: जात टिकते ती लोक वाईट असतात म्हणून नाही, शास्त्र पवित्र मानतात म्हणून. शिवाय तिथे हीन थोडे होते आणि बाकीचे सगळे स्वच्छ. आपल्यासारखी पायऱ्यांची उतरंड, प्रत्येकाच्या पायाखाली आणखी एक, अशी रचना नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर जमीन वाटपाची उलथापालथ झाली तेव्हा जुन्या भेदाला उभे राहायला जमीनच उरली नाही. पण त्यासाठी केवढे रक्त सांडले आणि नंतर तिथल्या माणसाच्या बोलण्यावर काय बंधने आली, हे विसरून आम्ही चीनचे ढोल वाजवणार नाही. बाबासाहेबांनी काठमांडूच्या भाषणात बुद्धाचा मार्ग आणि मार्क्सचा मार्ग यांतला फरक स्पष्ट सांगितला आहे. तिबेटच्या प्रश्नावर त्यांनी राज्यसभेत नेहरूंना दिलेला इशाराही नोंदलेला आहे. चीनचे कौतुक करणाऱ्या आमच्या मित्रांनी तेवढे तरी वाचावे.

आणि विसरण्याची किंमतही पाहा. युएहूंचे वंशज आज मिसळून गेले. चांगले झाले. पण प्रांताच्या लोकसंस्कृती संग्रहालयात त्यांची सनई आहे आणि ते नाहीत. त्यांचा अपमान गेला तसा त्यांचा जबाबही गेला. अभ्यासकांच्या पुस्तकांत ते आहेत, तिकीट काढून येणाऱ्या हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर नाहीत.

याच प्रांताचा एक माणूस मात्र सोळाशे वर्षांपूर्वी वेगळे वागला होता. भिक्खू फाहियान आजच्या शान्सीतला. इ.स. ३९९ मध्ये छांगआनहून निघाला, साठीच्या आसपासच्या वयात, विनयाचे ग्रंथ शोधायला. मध्यदेशात त्याने विहार पाहिले, स्तूप पाहिले, आणि त्याचबरोबर हेही लिहून ठेवले: चांडाळ गावाबाहेर राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांना कळावे आणि त्यांनी बाजूला व्हावे. धम्माच्या भूमीचे गुणगान करायला आलेला माणूस ते लाकूड ऐकतो आणि लिहितो. त्याने ते गाळले असते तर कोणी विचारले नसते. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन्ही चिनी भिक्खूंच्या साक्षी तपासल्या. चांडाळ म्हणजेच अस्पृश्य हे त्यांनी सरसकट मान्य केले नाही, उलटतपासणी केली, आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमाराचा असा निष्कर्ष मांडला. म्हणजे आमच्या इतिहासाच्या खटल्यात शान्सीचा भिक्खू साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आहे. त्याच्या प्रांताच्या संग्रहालयात मात्र हिरवे फडके नाही.

पिंगयाओपासून सहा किलोमीटरवर शुआंगलिन विहार आहे. तोही युनेस्कोच्या त्याच यादीत येतो. इ.स. ५७१ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाल्याची नोंद आहे, मूळ त्याहून जुने. शुआंगलिन म्हणजे जोड वृक्ष. कुशिनाऱ्याला ज्या दोन शालवृक्षांमध्ये तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, ते. चिनी मुलखातल्या एका गावाबाहेर हे नाव ऐकून आमच्यातल्या वयस्कर उपासिका ताई काही वेळ बोलल्याच नाहीत. आत दोन हजारांच्या वर रंगवलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, बहुतेक मिंग काळातल्या. लाकडाचा सांगाडा, गवत, माती, वर रंग. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. नवस आणि उदबत्तीच्या ढिगाशी आमचे देणेघेणे नाही, आणि तिथे ते होते. पण अर्हतांच्या दालनात आम्ही तास काढला. अठरा अर्हत, अठरा चेहरे. एक आजारी, एक गप्पिष्ट, एक म्हातारा. आणि एक ज्याला 'मुका अर्हत' म्हणतात: ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे, छाती भरून आलेली, बोलायचे आहे आणि बोलता येत नाही. हे चेहरे कोणा देवाचे नाहीत. मूर्तिकाराने आपल्या गल्लीतली माणसे बसवली आहेत असेच वाटते. लोक पाहायचे असतील तर ते इथे आहेत, वाड्यात नाहीत. मात्र इथेही, ज्यांनी ही माती मळली त्यांची नावे आम्हाला कुठल्या पाटीवर दिसली नाहीत.

आता हे सगळे आम्ही का उगाळतो आहोत ते सांगतो. आमच्या तालुक्यात एक लोकसंस्कृती संग्रहालय उभे राहते आहे. जुना वाडा मिळाला आहे, निधी मिळाला आहे, समिती झाली आहे. समितीत सज्जन माणसे आहेत, त्यांचे नाव घ्यायचे कारण नाही. त्यांनी आमच्या वस्तीकडे वस्तू मागितल्या आहेत: हलगी, डफ, जुने दळणाचे जाते, आणि विशेष म्हणजे येसकराची घुंगरांची काठी. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी ती माळ्यावर आहे, पणजोबांची. पाटीचा मसुदाही समितीने दाखवला. 'बारा बलुतेदार: स्वयंपूर्ण गावाचे आधारस्तंभ.' कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटच्या पुतळ्यांतून जुने खेडे उभे केले आहे, बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले. शाळांच्या सहली तिथे जातात. त्याच धर्तीचे काही करावे असा विचार आहे.

स्वयंपूर्ण गाव! ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी या गावाचे काय केले ते ज्यांनी वाचले नाही त्यांनी आज रात्री वाचावे. घुंगरे काठीला कशासाठी होती? नाचायला नव्हती. येसकर येतो आहे हे ऐकू यावे म्हणून. फाहियानने ऐकलेले लाकूड, शान्सीतले हिरवे फडके आणि ही घुंगरे एकाच कुळातली आहेत. ती काठी घेऊन आमचा पणजोबा मयताचा सांगावा घेऊन कोस-कोस चालला, मेलेले ढोर ओढले, वेशीवर रात्र काढली, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागितली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच काठीच्या विरोधात. वतन कायद्याने गेले ते १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या नंतर.

वस्तीत या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. तरुणांचे म्हणणे, देऊन टाकू, निदान आपलीही काही नोंद होईल. नाही तर तिथे फक्त पाटलाची तलवार राहील. दुसरीकडे एक आजी म्हणाल्या, "लेकरांनो, तुमच्या आज्यानं ती छप्पन्न साली हातातनं टाकली. तुम्ही तिला काचंत ठिवून दिवा लावता व्हय?" आम्हाला आजींचे म्हणणे जवळचे वाटते. पण काठी जाळून टाकावी याला आम्ही तयार नाही. शान्सीत काय झाले ते पाहून आलो आहोत. वस्तू गेली की जबाब जातो, आणि वस्तू एकटी ठेवली तरी जबाब जातोच. सनई तिथे आहे ना, वाजवणारा कुठे आहे?

म्हणून आमचे म्हणणे आम्ही समितीला लेखी दिले आहे. काठी मिळेल, पण पाटी वस्ती लिहील. तिच्यावर 'आधारस्तंभ' हा शब्द नसेल. काठी कोणाला धरावी लागत होती, कोणत्या कामांना, त्या बदल्यात काय मिळत होते, नाही म्हटले तर काय होत होते, आणि कोणत्या वर्षी ती खाली ठेवली, हे त्यावर असेल. ती 'परंपरा' या दालनात जाणार नाही. ती त्या तलवारीच्या शेजारी उभी राहील, आणि तलवारीच्या पाटीवरही त्या घराची वेठ कोण करत होते ते लिहिले जाईल. हलगी ठेवायची असेल तर मातंग समाजातल्या वाजवणाऱ्यांना आधी विचारा. त्यांच्या वतीने आम्ही हो किंवा नाही म्हणणार नाही. आणि समितीत वस्तीतल्या दोन बायका असतील, कारण जात्यावर कोणाचे हात होते हे कुठल्या सज्जनाला लिहिता येणार नाही.

समितीचे एक सदस्य म्हणाले, संग्रहालय म्हणजे कोर्ट नाही, मुलांना आनंद वाटला पाहिजे. दुसरे म्हणाले, वाड्याच्या दालनाच्या पाट्या आधीच छापायला गेल्या आहेत. पाट्या परत छापता येतात. तोपर्यंत काठी माळ्यावर आहे.